इयागोचा शब्द

आमच्याकडे सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी एक डॉक्युमेंट भरावं लागतं. त्याला आरसीए म्हणतात, म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस. काय झालं, किती वाजता झालं, किती लोकांना फटका बसला, असे रकाने असतात. शेवटचा रकाना असतो 'कन्क्लूजन'. दोन वर्षांपूर्वी मी तोच रकाना आधी भरला आणि बाकीचे नंतर.

त्या रात्री 11:40 ला टीममधल्या एका ज्युनिअरने छोटासा बदल प्रॉडक्शनवर टाकला होता. एका सर्व्हिसचा टाइमआउट त्याने कमी केला होता. बाराच्या सुमारास पेमेंटचं पान उघडेनासं झालं. मी लॉगमध्ये 'टाइमआउट' हा एकच शब्द शोधला, शेकडो ओळी आल्या. त्याचा बदल मागे घेतला, थोड्या वेळात सगळं सुरळीत झालं. मग मी लिहिलं : कन्क्लूजन, चुकीचा टाइमआउट, पुरेशी चाचणी न करता टाकलेला बदल. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. त्या रात्री ती आठवली नाही.

या प्रकरणाचा शेवट नंतर सांगतो. त्याच्यामुळे मी एका इंग्रजी शब्दाच्या मागे लागलो आणि त्या शब्दाने मला 'ऑथेल्लो'पर्यंत नेलं, ते आधी सांगायचं आहे.

कन्क्लूजन हा इंग्रजीत अगदी रोजचा शब्द. निबंधाचा शेवटचा परिच्छेद म्हणजे कन्क्लूजन, प्रयोगातून निघालं तेही कन्क्लूजन, तह पक्का झाला की तेसुद्धा. मराठीत आपण ही कामं वाटून देतो. भाषणाचा समारोप, गोष्टीचं तात्पर्य, प्रयोगाचा निष्कर्ष. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी बंद करणं, कोंडणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. 'निष्कर्ष'मध्ये 'कृष्' धातू आहे, ओढणं. म्हणून आपण निष्कर्ष 'काढतो', विहिरीतून पाणी काढावं तसा. पुराव्याच्या आत तो आहे असं धरून चालतो. इंग्रजीतही कन्क्लूजन 'ड्रॉ' करतात, पण तिथे कन्क्लूजन ही एक जागासुद्धा आहे. तिथवर चालत पोचता येतं आणि घाई असेल तर उडीही मारता येते.

शेक्सपिअरच्या काळी या शब्दाला आणखी एक अर्थ होता, आज जवळजवळ विसरलेला : प्रयोग. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'च्या शेवटी सीझरला कळतं की सुखाने कसं मरता येईल याची क्लिओपात्राने असंख्य 'कन्क्लूजन्स' करून पाहिली होती. म्हणजे प्रयोग करून पाहिले होते. हे वाचून मी थांबलोच. करून बघणं आणि त्यातून निघालेलं फळ, दोन्हीला एकच शब्द. पुढे इंग्रजीने फळ ठेवलं आणि करून बघणं सोडून दिलं.

आता 'ऑथेल्लो'. नाटक आपल्याला नवं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 साली त्याचं मराठी भाषांतर केलं, गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला. माझ्या पिढीने ते विशाल भारद्वाजच्या 'ओंकारा'त पाहिलं, तिथे रुमालाचा कमरबंद झाला होता. मीही हॉस्टेलवर तेवढंच पाहिलं होतं. मूळ नाटक वाचलं ते नंतर, लोकलमध्ये, फोनवर, टिपांसकट.

वाचताना लक्षात आलं की 'कन्क्लूजन' हा या नाटकात मुख्यतः इयागोचा शब्द आहे. पहिल्या अंकात तो रॉड्रिगोला शिकवतो की बुद्धीचा तोल नसता तर वासनांनी आपल्याला भलत्याच कन्क्लूजन्सपर्यंत नेलं असतं. दुसऱ्या अंकात तो बायकांवर चावट ओळी रचतो, त्यांचा शेवट फुसका निघतो आणि डेस्डिमोना त्याची टर उडवते : काय हे लंगडं कन्क्लूजन! इथे अर्थ फक्त शेवट. त्याच प्रवेशात थोड्या वेळाने कॅसिओने शिष्टाचार म्हणून डेस्डिमोनाचा हात हातात घेतल्यावर इयागो रॉड्रिगोला पटवतो की ही तर नुसती प्रस्तावना आहे, कन्क्लूजन आता दूर नाही. इथे अर्थ थेट शरीरसंबंध. तळहात दिसला की इयागोला पलंग दिसतो.

मग येतो तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. त्याच्या सुरुवातीला ऑथेल्लोचं बायकोवर जिवापाड प्रेम आहे आणि शेवटी त्याने तिला मारायचं ठरवलेलं आहे. मधे तो इयागोकडे पुरावा मागतो, डोळ्यांना दिसणारा. इयागो त्याला देतो एक स्वप्न, तेही दुसऱ्याचं. दाढ दुखत होती म्हणून मी जागा होतो, कॅसिओ शेजारी झोपला होता आणि झोपेत डेस्डिमोनाचं नाव घेत बरळत होता. पुढे इयागोच सांगतो की हे तर फक्त स्वप्न आहे. त्यावर ऑथेल्लो उत्तर देतो की यातून एक 'फॉरगॉन कन्क्लूजन' दिसतं.

आज या शब्दप्रयोगाचा अर्थ आहे आधीच ठरलेला निकाल. निवडणूक, क्रिकेट मॅच, नोकरीची मुलाखत, कुठेही वापरतात. पण ऑथेल्लोला तसं म्हणायचं नाही. त्याला म्हणायचंय : जे आधीच घडून गेलंय. स्वप्नात जे आलं ते प्रत्यक्षात होऊन गेलेलं असणार. 1604 साली हे नाटक पाहणाऱ्याने तो अर्थ घेतला असेल. आपण आपला अर्थ घेतो आणि गंमत म्हणजे आपला अर्थही चपखल बसतो. कॅसिओने काहीच केलेलं नाही, 'आधीच घडून गेलेलं' असं काही नाहीच. आधी घडून गेलंय ते ऑथेल्लोच्या डोक्यात. निकाल तयार आहे, पुरावा मागून येतोय. आधी कळस, मग पाया.

त्या क्षणी ऑथेल्लो इयागोचा शब्द उचलतो आणि इयागोच्या पद्धतीने वापरतो. तळहातावरून पलंगाकडे जावं तसा स्वप्नावरून पलंगाकडे. इयागोने त्याच्यावर खोटी माहिती लादली यापेक्षा ही गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. त्याने ऑथेल्लोला विचार करण्याची आपली रीत दिली.

थॉमस रायमर नावाच्या इंग्रज समीक्षकाने 1693 मध्ये या नाटकाची यथेच्छ खिल्ली उडवली होती. एका रुमालावरून एवढा गहजब! मग नाटकाला रुमालाचंच नाव का दिलं नाही, असं त्याने विचारलं. आक्षेप वाटतो तितका उथळ नाही. सेनापती माणूस, एवढ्याशा चिंधीवर बायकोचा जीव घेतो, हे पटायला जडच आहे. पण रायमरने पुरावा आणि निष्कर्ष यांचा क्रम सरळ धरला : आधी रुमाल, मग खात्री. नाटकात इयागो रुमालाची गोष्ट काढतो ती 'फॉरगॉन कन्क्लूजन'नंतर. खात्री आधीच झालेली असली की रुमालाचा आकार कोण मोजतो? पुरावा क्षुल्लक आहे हा नाटकाचा दोष नाही, तो नाटकाचा विषय आहे.

याची पुढची खूण चौथ्या अंकात मिळते. ऑथेल्लो एमिलियाला विचारतो, तू काही पाहिलंस का? ती म्हणते, काही नाही, डेस्डिमोना निर्दोष आहे, जिवाची पैज लावते. सतत सोबत असणाऱ्या बाईची ही साक्ष. ऑथेल्लो ती बाजूला सारतो : अशी बाई दुसरं काय सांगणार? आता होकार हाही पुरावा आणि नकार हाही पुरावा.

आणि कॅसिओ? त्याला थेट विचारलं जातं ते शेवटच्या प्रवेशात, डेस्डिमोना मेल्यावर. रुमाल तुझ्याकडे कसा आला? माझ्या खोलीत सापडला. एक प्रश्न, एक उत्तर, एखादा मिनिट. लोकलमध्ये हे वाचताना मी फोन बंद केला.

कारण पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला आमचं पेमेंटचं पान पुन्हा बंद पडलं. त्या रात्री कोणीच काही टाकलेलं नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला चालणारा एक रिपोर्ट डेटाबेसची सगळी कनेक्शन्स अडवून बसत होता. तो संपला की सगळं आपोआप सुरळीत. आधीच्या वेळीही रात्र 1 तारखेचीच होती आणि रिपोर्टची नोंद त्याच लॉगमध्ये होती. मी शोधलेला शब्द वेगळा होता, इतकंच.

मी डॉक्युमेंट दुरुस्त केलं. मधल्या महिन्यात त्या मुलाच्या प्रत्येक बदलाला दोन दोन जणांची मंजुरी लागायची, मीटिंगमध्ये तो बोलेनासा झाला होता आणि त्याने दुसरी टीम मागून घेतली होती. मी कॅन्टीनमध्ये त्याला गाठून माफी मागितली आणि पहिल्यांदाच विचारलं, टाकण्याआधी तू काय तपासलं होतंस?

तो म्हणाला, "लोड टेस्ट केली होती. स्क्रीनशॉट त्याच रात्री ग्रुपवर टाकला होता."

जागेवर येऊन मी वर वर स्क्रोल करत गेलो. स्क्रीनशॉट होता, 12:20 चा. त्याखाली माझाच मेसेज होता : "कॉज मिळालंय, आता बाकी काही नको."