मोळी पुन्हा डोक्यावर

खानदेशात साने गुरुजींविषयी बोलू लागले की आवाज आपोआप हळवा होतो. तो हळवेपणा बाजूला ठेवून मला काही विचारायचे आहे.

‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तीत एका म्हाताऱ्या महारणीची लाकडाची मोळी खाली पडते. स्पृश्य गाव बघत राहते. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि घरी येऊन अंघोळ करायला सांगते. प्रस्थापित समीक्षेला येथे माया दिसते. मला अंघोळ दिसते. आणखी एक गोष्ट दिसते: या करुणेने मोळी उचलली, पण ठेवली त्याच डोक्यावर.

गुरुजी स्वतः मात्र येथे थांबले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारा, वसतिगृहातल्या पोरांची आई झालेला हा शिक्षक मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला. तेथे अंघोळ संपली. पण गुरुजींच्या भक्तांना रडणारा श्याम जवळचा वाटतो, पंढरपूरचे उपोषण अडचणीचे वाटते.

तरीही प्रश्न उरतोच. उपोषण सवर्णांच्या हृदयाला हाक घालते. ती हाक काळारामाच्या दारात १९३० पासून घालून झाली होती. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हाच आमची वाट देवळाच्या पायरीवरून वळली. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्याच वर्षी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. एक शिक्षण सवर्ण मुलाला वाकायला शिकवीत होते. दुसरे दलित मुलाला ताठ उभे राहायला. पहिले खोटे नव्हते, पण दुसऱ्यावाचून ते अपुरे होते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या शिक्षकमित्रांना माझे सांगणे आहे. हा प्रसंग जरूर शिकवा. श्यामचे कौतुकही करा. मग वर्गाला विचारा, मोळी त्या म्हातारीच्याच डोक्यावर का होती? या प्रश्नाला अश्रूंनी उत्तर देता येत नाही.