त्रिमितीय चित्रपटातील खोली आणि प्रेक्षकाचा डोळा : ‘झपाटलेला २’ व ‘तान्हाजी’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

२००९ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ प्रदर्शित झाल्यानंतर भारतातील बहुपडदा चित्रपटगृहांत त्रिमितीय प्रक्षेपणाचा वेगाने प्रसार झाला. नवी मुंबईत वाशी, सीवूड्स अशा भागांतील प्रेक्षकालाही थ्रीडी चष्मा परिचयाचा झाला. मात्र अशा चित्रपटांविषयीची चर्चा बहुधा ‘वस्तू अंगावर येतात की नाही’ या एकाच कसोटीवर थांबते. वस्तुतः ही खोली पडद्यावर नसते. ती प्रेक्षकाच्या मेंदूत घडते. म्हणून तिचे मूल्यमापन डोळ्याचे सामर्थ्य व मर्यादा लक्षात घेऊन व्हावयास हवे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

खोलीच्या अनुभवाचे स्वरूप :

प्रौढ माणसाच्या दोन डोळ्यांत साधारणतः सहा ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत उमटणाऱ्या प्रतिमा किंचित भिन्न असतात आणि या भेदातून मेंदू खोलीचा बोध करून घेतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व प्रयोगाने सिद्ध केले. परंतु हा प्रतिमाभेद अंतराबरोबर झपाट्याने घटतो. हातातील वस्तूची गोलाई दोन डोळ्यांमुळे स्पष्ट जाणवते. दूरच्या डोंगररांगांची खोली मात्र धूसरता, छाया, आकारमान आणि एका वस्तूने दुसरीला झाकणे या खुणांवरून कळते. या खुणा एका डोळ्यालाही दिसतात आणि साध्या चित्रपटातही असतात.

दुसरी मर्यादा श्रमाची आहे. पडद्यापुढे आल्यासारख्या वाटणाऱ्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात; नेत्रभिंगाला मात्र पडद्याच्या अंतरावरच स्थिर राहावे लागते. निसर्गात एकत्र चालणाऱ्या या दोन क्रियांची येथे फारकत होते. ती वारंवार व दीर्घकाळ घडल्यास डोळ्यांना थकवा येतो, डोके दुखते.

बाहुला आणि कडा :

या दोन मर्यादांच्या प्रकाशात दोन चित्रपटांची तुलना उद्बोधक ठरते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ (२०१३) हा मराठीतील पहिला त्रिमितीय चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्याचे भयकेंद्र तात्या विंचू हा बाहुला आहे. १९९३ च्या मूळ चित्रपटासाठी रामदास पाध्ये यांनी घडवलेला हा बाहुला मराठी प्रेक्षकाच्या स्मृतीत घट्ट बसलेला आहे. लहान, घन आणि जवळून पाहण्याची अशी ही वस्तू द्विनेत्री दृष्टीच्या खास प्रांतातील आहे. निर्जीव वस्तूला सजीव मानण्यावरच कथेतील भय उभे असल्याने, बाहुल्याला मिळणारी घनता त्या विश्वासाला थेट बळ देऊ शकते. येथे तंत्र आणि आशय यांचे नाते स्वाभाविक आहे.

ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) मध्ये प्रश्न उलटा आहे. १६७० मधील कोंढाण्याच्या मोहिमेचे भव्यत्व कडा, दरी आणि रात्र यांत आहे. आणि इतक्या अंतरावर द्विनेत्री भेद जवळजवळ उरत नाही. तो कृत्रिमरीत्या वाढवला तर डोंगर खेळण्यातल्या प्रतिकृतीसारखे भासतात, म्हणजे भव्यत्वच हरवते. उरतो तो शस्त्रे प्रेक्षकाच्या दिशेने येण्याचा सोपा मार्ग. त्यातून दचकणे साधते. दरीची धास्ती साधतेच असे नाही. म्हणूनच मोठा विषय त्रिमितीला अधिक अनुकूल असतो, हा समज तपासून घ्यावा लागतो.

प्रेक्षक-प्रेक्षकांतील भेद :

एकाच खेळात सर्वांना समान खोली दिसत नाही. पडद्यावरील प्रतिमाभेद तोच असला तरी मागील रांगेत खोली ताणलेली आणि पुढील रांगेत दबलेली भासते. कडेच्या आसनावरून दृश्य तिरके होते. चष्म्यामुळे डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश निम्म्याहून कमी होतो आणि रात्रीचे प्रसंग अधिकच काळवंडतात. तिरळेपणा असलेल्या किंवा एक डोळा अधू असलेल्या अनेकांना ही खोली जाणवतच नाही. जादा दर मोजूनही काहीच वेगळे न दिसलेला प्रेक्षक दोष स्वतःच्या रसिकतेला देतो. प्रत्यक्षात त्याला नेत्रतपासणीची गरज असू शकते.

चष्म्याविषयीची साशंकताही जुनी आहे. भारतातील पहिला त्रिमितीय चित्रपट ‘माय डियर कुट्टिचातन’ (१९८४), जो पुढे हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून आला, त्याच्या काळात चष्म्यांमुळे डोळे येतात अशी अफवा पसरली होती. प्रत्येक खेळानंतर चष्मे निर्जंतुक केले जातात, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला होता.

निष्कर्ष :

त्रिमितीय चित्रपटाच्या समीक्षेने तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. विषयवस्तू द्विनेत्री दृष्टीच्या टप्प्यात आहे काय? डोळ्यांना पडणाऱ्या श्रमाच्या मोबदल्यात अर्थाची भर पडते काय? आणि ज्याला ही खोली दिसत नाही, त्याच्यासाठी चित्रपटात काही शिल्लक राहते काय? प्रमुख कंपन्यांनी २०१० च्या सुमारास घरोघरी नेऊ पाहिलेले थ्रीडी दूरचित्रवाणी संच २०१७ पर्यंत बाजारातून जवळपास नाहीसे झाले. केवळ नवलाईवर प्रेक्षक फार काळ चष्मा लावून बसत नाही, हेच त्यातून सूचित होते. खोलीला आशयाची जोड मिळाली तरच ती पाहण्याजोगी ठरते.