अवधान आणि अहंता : आयरिस मर्डॉक यांची कादंबरी

आयरिस मर्डॉक (१९१९–१९९९) यांचा जन्म डब्लिनचा. त्या वाढल्या मात्र लंडनमध्ये. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर त्यांनी १९४४ ते १९४६ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेत काम केले आणि ऑस्ट्रियातील छावण्यांत निर्वासितांचे जिणे जवळून पाहिले. पुढे १९४८ ते १९६३ अशी पंधरा वर्षे त्यांनी ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकविले. सार्त्रवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली आणि ‘अंडर द नेट’ ही पहिली कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. नंतरच्या चार दशकांत त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सव्वीसवर गेली. तत्त्वज्ञान आणि साहित्य ही दोन वेगळी कार्ये होत, असे त्या आग्रहाने सांगत. तरीही त्यांची कादंबरी वाचताना त्यांचा नीतिविचार बाजूला ठेवता येत नाही.

या नीतिविचाराचे सार ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या ग्रंथातील एका उदाहरणात सापडते. एका सासूला आपली सून उथळ व असंस्कृत वाटते. पण तिचे वागणे आरंभापासून निर्दोष असते. पुढे ती स्वतःलाच तपासते. आपण जुन्या वळणाच्या आहोत, मनात मत्सरही आहे, हे तिला उमगते. ती सुनेकडे पुन्हा, न्यायबुद्धीने पाहू लागते आणि उथळपणाच्या जागी तिला निर्मळ साधेपणा दिसतो. बाहेर काहीच बदललेले नाही. तरीही नैतिकदृष्ट्या महत्त्वाचे असे काही घडले आहे. नीती म्हणजे केवळ कृतीची निवड, असे मानणाऱ्या समकालीन तत्त्वज्ञांना मर्डॉक यांनी दिलेले हे उत्तर होय. सिमोन वेल यांच्याकडून घेतलेली ‘अवधान’ ही संकल्पना त्याच्या मुळाशी आहे. अहंतेचा पडदा दूर सारून दुसऱ्याचे अस्तित्व मान्य करणे, हीच त्यांच्या मते खरी साधना.

बुकर पारितोषिक मिळविणारी ‘द सी, द सी’ (१९७८) ही कादंबरी या साधनेच्या अपयशाची कथा आहे. निवृत्त नाट्यदिग्दर्शक चार्ल्स अ‍ॅरोबी समुद्रकाठी येऊन राहतो. तेथे त्याला तरुणपणीची प्रेयसी हार्टली भेटते. ती आता विवाहित, वयस्क आणि सामान्य आहे. तिची सुटका करतो आहोत, या भ्रमात तो तिला घरात कोंडून ठेवतो. जन्मभर नाटके बसविणाऱ्या या माणसाला जिवंत व्यक्तीही पात्रासारखीच दिसते. निवेदन त्याचेच असल्यामुळे त्याच्या शब्दांपलीकडे पाहण्याचे काम वाचकावर येते. उदाहरणातील सासूने केलेला प्रयत्न येथे वाचकाला करावा लागतो. विचार आणि रूप यांची ही सांगड मर्डॉक यांचे मोठे यश होय.

तरीही एक आक्षेप उरतो. ‘अगेन्स्ट ड्रायनेस’ (१९६१) या निबंधात त्यांनी घट्ट, स्फटिकवत आकृतिबंधाच्या कादंबरीवर टीका केली होती आणि स्वतंत्र, गुंतागुंतीच्या माणसांची मागणी केली होती. त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांत मात्र योगायोग आणि बदलती प्रेमप्रकरणे यांची आखणी अनेकदा पात्रांवर मात करते. ‘अ सेव्हर्ड हेड’ (१९६१) मधील जोड्यांची अदलाबदल याची साक्ष देते. हार्टलीही अखेरपर्यंत धूसरच राहते. ही धूसरता चार्ल्सच्या दृष्टिदोषाची की लेखिकेच्या आखणीची, हे निश्चित सांगता येत नाही. मात्र कादंबरीच्या शेवटी हार्टली पतीबरोबर ऑस्ट्रेलियाला निघून जाते आणि चार्ल्सची कथा तिच्यावाचून पुढे चालू राहते. लेखिकेने तिला संपूर्ण आकार दिला नसेल. पण नायकाच्या कथेतून निघून जाण्याचे स्वातंत्र्य मात्र तिला दिले आहे. स्वतःच्या आकृतिबंधाशी झगडणाऱ्या या कादंबरीकर्तीचे मोठेपण अशाच जागी प्रत्ययास येते.