‘कुंकू’मधला नकार

‘कुंकू’चे (१९३७) नाव मराठी चित्रपटाच्या इतिहासात आदराने घेतले जाते, पण तो आदर बहुतेक वेळा त्याच्या विषयाला, म्हणजे जरठ-कुमारी विवाहाला दिलेला असतो. विषय तर नवा नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालीच रंगभूमीवर आले होते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ वर्षे ठरवले होते. मग व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी केलेल्या या चित्रपटात वेगळे काय आहे?

‘शारदा’तले लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. अन्याय टळतो, पण रूढीच्याच आधाराने. शारदेच्या इच्छेला तिथे वजन नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेला ‘कुंकू’ अशी पळवाट ठेवत नाही. नीरेचे लग्न फसवणुकीने लागून जाते, आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. कायदा तिच्या उपयोगाचा नाही. तो वय मोजतो, दोन वयांतले अंतर मोजत नाही. उरतो तो तिचा स्वतःचा नकार. शांता आपटे यांनी तो रडून नव्हे, तर ताठ मानेने उभा केला आहे.

या नकाराला बळ दिले आहे ते ध्वनीने. मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’पासून (१९३२) जेमतेम पाच वर्षांचा झाला होता, आणि संगीत ही त्याची मोठी हौस होती. अशा वेळी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासारखा जाणता माणूस हाताशी असताना घेतलेला हा निर्णय आहे. ऐकू येते ते त्या घरातले आणि आसपासचे. काय वाटून घ्यायचे हे प्रेक्षकाला कोणी वाजवून सांगत नाही. भिंतीवरचे जुने घड्याळ म्हणजे तर जणू काकासाहेबच. कुरकुरत चालणारे, तरी घरावर सत्ता गाजवणारे.

माझा आक्षेप आहे तो शेवटाला. पश्चात्ताप झालेले काकासाहेब नीरेला पुनर्विवाहाची मुभा देणारे पत्र लिहून आत्महत्या करतात. केशवराव दाते यांचा अभिनय इतका समर्थ आहे की आपली सहानुभूती नकळत त्यांच्याकडे वळते. नीरेने जे लढून मिळवायचे, ते तिला नवऱ्याच्या परवानगीने मिळते, आणि त्याची किंमत म्हणून एक मृत्यू तिच्या पदरात पडतो. काकासाहेबांची विधवा, समाजसेविका मुलगी चित्रा (शकुंतला परांजपे) नीरेची बाजू घेते. त्या दोघींच्या मैत्रीतून वेगळा शेवट निघू शकला असता, असे मला राहून राहून वाटते.

तरीही या आक्षेपाने चित्रपट लहान होत नाही. १९३७ सालचा प्रेक्षक कुठवर सोबत येईल, याची ती सीमारेषा असावी. ती ओलांडली गेली नाही, पण तिच्यापर्यंत एक मुलगी एकटी, कोणाच्याही वाद्यवृंदाशिवाय चालत गेली. नव्या प्रेक्षकाने म्हणूनच ‘कुंकू’ नुसता पाहू नये, कान देऊन ऐकावा.