चिरुटाची पारख

त्रिचनापल्लीच्या चिरुटाला इंग्रजी साहित्यात कीर्ती लाभली ती एका खुनाच्या निमित्ताने. १८८७ साली लंडनच्या एका नाताळ वार्षिकात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकाच्या तिकडल्या भावंडातच, कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सवरची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत होम्स मृताच्या खोलीत सांडलेली राख गोळा करतो, तिचा काळसर रंग आणि पापुद्रे पाहतो आणि खुनी त्रिचनापल्ली चिरूट ओढत होता, असे सांगून मोकळा होतो. निदान अचूक ठरते. मात्र तो चिरूट चांगला होता की वाईट, याविषयी कादंबरीत अवाक्षर नाही. होम्सला त्याची गरजही नव्हती. त्याला खुनी ओळखायचा होता, चिरूट पारखायचा नव्हता.

हा भेद आमच्याकडचे रसिकही विसरतात. स्वस्त चिरूट हाती आला की त्याची जात ओळखायची, हवानाशी तुलना करायची आणि शेवटी ‘किमतीच्या मानाने बरा आहे’ असा दाखला देऊन त्याला वाटेला लावायचे! या वाक्यावर माझा जुना राग आहे. नवोदित कवीला ‘वयाच्या मानाने बरे लिहितो’ म्हणणारा टीकाकार जितका आळशी, तितकाच हाही. किंमत दुकानदाराला देऊन झाली. ओढताना ती मध्ये कशाला?

तेव्हा मूळ वस्तूकडे वळू. तिरुचिरापल्लीला लागून उरैयूर आहे. एके काळची चोळांची राजधानी. दिंडिगल भागातला तंबाखू आणून तिथे चिरूट वळण्याचा धंदा इंग्रजी अमदानीत भरभराटला आणि गोऱ्या साहेबांच्या सामानातून हा चिरूट विलायतेला पोहोचला. ‘चिरूट’ हा शब्दही तमिळ ‘सुरुट्टु’वरून आलेला, अर्थ नुसता गुंडाळी. नावातही बडेजाव नाही. हवाना सिगारच्या तोंडाशी पानाची टोपी असते, ती कापायला खास कातरी लागते आणि त्या कातरीबरोबर ऐट येते. चिरूट दोन्ही टोकांना छाटलेला. काडी ओढली की झाले.

उरैयूरहून आणलेल्या जुडीतले चिरूट मी आठवडाभर रोज एक याप्रमाणे ओढले. पहिला इतका घट्ट वळलेला की माझे गाल आत गेले, पण धूर काही बाहेर आला नाही. त्या एकावरच लिहायचे असते तर हा लेख चार ओळींत आटोपता. दुसरा सैल निघाला. भराभरा पेटला, तापला आणि जीभ पोळून गेला. तिसरा मात्र निवांतपणे जळत राहिला. आरंभी नुसता कडवट. मध्यावर आल्यावर त्या कडवटपणाखालून सुक्या गवताच्या गंजीसारखा वास आणि एक कोरडी गोडी वर आली. पुढे ती टिकली नाही. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात डांबर साचले, तोंड तुरट झाले. पण मधली दहा-बारा मिनिटे खरी होती, कोणाकडून उसनी आणलेली नव्हती. चौथा आणि पाचवा याच वळणाचे. सहाव्याचे वरचे पान उकलले. सातवा पुन्हा घट्ट.

संग्रहातली एकच कविता वाचून कवीला निकालात काढावे, तशी हाताच्या मालाची परीक्षा एका नगावर करता येत नाही. पण म्हणून सरासरी काढावी, असेही नाही. सातांत तीन चांगले म्हणजे चार वाईट! घट्ट-सैल होणे हा वळणाराच्या हाताचा दोष आहे, पानाचा नव्हे. हे वेगळे काढून सांगितलेच पाहिजे. ‘स्वस्तात एवढे चालायचेच’ म्हटले की पानाचा गुण आणि हाताचा दोष दोन्ही एकाच पांघरुणाखाली जातात. आणि नगावर मजुरी असली की हात घाईला येणारच. सोलापूर-सिन्नरकडे हजारी हिशेबाने विड्या वळणाऱ्या बायकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो ती बरीचशी त्या बोटांच्या खिशातून आलेली असते.

राख पांढरी तर तंबाखू उंची, हा शौकिनांमधला आणखी एक लाडका समज. राखेचा रंग पुष्कळसा जमिनीतल्या क्षारांवर, विशेषतः मॅग्नेशियमवर, अवलंबून असतो. काळसर राख ही मातीची सही आहे. होम्सने ती खूण म्हणून वाचली, ते योग्यच केले.

कडकपणाचेही तसेच. डोके गरगरले म्हणजे चिरूट जातिवंत, असे मानणारे भेटतात. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातले निकोटिन तोंडातल्या तोंडातच रक्तात उतरते. त्यात रसाचा संबंध नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून चिरूट निर्धोक, ही समजूतही टिकत नाही. चिरुटाने तोंडाचा कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांच्या टाळूवर डॉक्टरांनी तो पाहिला आहे. हे ठाऊक असून मी आठवड्यात सात ओढले. टीकाकाराच्या अंगी सुसंगती असतेच असे नाही.

तो सातवा, न ओढवणारा चिरूट मी अखेर वर्तमानपत्रावर ठेवून नखाने उलगडला. आत पानाची एक जाड शीर काढायची राहून गेली होती आणि ती तिरपी बसून वाट अडवून होती. ती बाजूला केली. उरलेले पान तिसऱ्या चिरुटातलेच असावे असे होते. रंग तोच आणि चुरगाळल्यावर त्या सुक्या गवताचा वासही तोच.