गोलपिठा दिसतो, वीटभट्टी दिसत नाही

आपल्या लिहिण्यात विकलेली बाई सापडते, विकलेलं कुटुंब सापडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. आणि ती प्रस्थापितांबद्दल नाहीय, आपल्याबद्दल आहे.

मित्रांनो, मागच्या महिन्यात अंबरनाथला एका दोस्ताच्या खोलीत कवितावाचन झालं. अकरा पोरांनी कविता वाचल्या. पाच कवितांत वेश्या होती. चाळीतली, बारमधली, स्टेशनबाहेरची. पोरं सगळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची, रोज लोकलला लटकणारी. बदलापूरच्या पलीकडं, उल्हास नदीच्या अंगानं आणि मुरबाडच्या वाटेवर, दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. तिथं कातकरी राबतात. बदलापुरात टॉवर उभे राहिले त्यांच्या विटा अशाच भट्ट्यांवर थापल्या जातात. अकरा कवितांत एक वीट नव्हती. पोरं बेइमान आहेत असं मी म्हणत नाही. माणूस जे वाचतो तसं त्याला दिसतं. तेव्हा आपण काय वाचलं आणि कसं वाचलं, ते तपासू.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. माणसांचा बाजार पहिल्यांदा बाजाराच्याच भाषेत मराठी कवितेत बोलला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना शब्दांचे अर्थ विचारावे लागले, ढसाळांबरोबर तो मोहल्ला हिंडावा लागला. त्यांनी ते लपवलं नाही, हे चांगलंच. पण पांढरपेशा वाचकानं त्यातून एक सवय उचलली. गुलामी म्हणजे बघायला जायची जागा. गल्लीत शिरायचं, हादरायचं, घरी येऊन चहा प्यायचा. हा दोष ढसाळांचा नव्हे. त्यांच्या कवितेत बाईचं दुःख त्या शहराच्या भुकेपासून तोडलेलं नाही. नक्कल करणाऱ्यांनी मात्र लाल दिवा तेवढा उचलला आणि भूक तिथंच टाकली.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गावकीची महारकी आणि मुंबईचा कावाखाना एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत. गावात राबवून घेणारी जात आणि शहरात बाई विकत घेणारा बाजार शेजारी-शेजारी दिसतात. पण आपल्या अभ्यासमंडळांत चर्चा होते ती कावाखान्याची. महारकीचा पाठ परीक्षेपुरता.

आता एक पुस्तक, जे आपल्यातले पुष्कळजण हातातच घेत नाहीत. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). लिहिणारी बाई ब्राह्मण घरातली, वर कम्युनिस्ट. म्हणून वाचायचं नाही? त्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातले वारली आहेत. लग्नगडी आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा आणि नवी नवरी दोघं त्याच्या दारात राबायला. कर्ज फिटतच नाही, कारण वही सावकाराची, लिहिणारा सावकार, वाचणाराही सावकारच. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन टिटवाळ्याला भरलं. टिटवाळा म्हणजे शहाडच्या पलीकडं, अगदी आपल्या शेजारी. तिथं वारली आले आणि त्याच वर्षी वेठ आणि लग्नगडीविरुद्ध उठले.

या पुस्तकाशी माझं भांडण आहे. जागं करणारा बाहेरून येतो आणि वारली बऱ्याचदा बाईंच्या तोंडून बोलतो. पण आपल्या कवितेत नाही ती गोष्ट तिथं आहे. कर्ज कसं चढतं, मजुरी कशी बुडते, माणूस बांधला कसा जातो, याची रीत आहे. नुसत्या रागातून ती रीत कळत नाही.

भट्टीची रीत बघा. पावसाळ्यात कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो. कात काढणारे म्हणून ज्यांचं नाव पडलं, त्यांचं जंगल केव्हाच गेलं. अशा वेळी मुकादम येतो, उचल देतो. दिवाळी झाली की कुटुंब टेम्पोत भरून भट्टीवर. मजुरी ठरते हजार विटांवर, हातात येते आठवड्याची खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडावर. उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढचं सालही त्याच मालकाचं. पोरं शाळेतून सुटतात ती विटा उलटवायला. इथं कुणाला पळवून आणलेलं नाही, दाराला कुलूप नाही. उचलच कुलपाचं काम करते. प्रत्येक भट्टीवर असंच चालतं असं मी म्हणत नाही. कसोटी पुढं देतो, लावून बघा.

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबताना सापडली. बदल्यात आई-बापांना काही हजार रुपये, कुणाला एखादी मेंढी. एक लहान मुलगी मेली तेव्हा कुठं चौकशी झाली. यावर आपल्यात किती कविता आल्या?

माझ्या मते गोम अशी आहे. बाई विकली तर आपण म्हणतो, अब्रू गेली. कुटुंब बांधलं गेलं तर म्हणतो, मजुरीला गेलं. १६ जून १९३६ ला बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांसमोर भाषण केलं, हे जिणं सोडा म्हणून बजावलं. ते आपल्या लक्षात राहिलं, पण फक्त अब्रूच्या बाजूनं. त्याच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं, ते तर राबवून घेण्याच्या रीतीवरच घाव घालणारं होतं. आणि संविधानाच्या तेविसाव्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात बंदी आहे. कामाठीपुरा आणि वीटभट्टी यांच्यात संविधानानं भिंत घातली नाही. ती आपल्या समीक्षेनं घातली.

आता कसोटी. आगाऊ रकमेपायी माणसाला काम सोडता येत नाही, दुसरीकडं जाता येत नाही, किंवा मजुरी नावापुरती मिळते, तर १९७६ च्या कायद्यानं तो वेठबिगार. असं कर्ज आपोआप रद्द. कर्ज वेठीचं नव्हतं, हे सिद्ध करायचं ते मालकानं. १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीच सक्तीची मजुरी ठरवली. आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात माणसांच्या व्यापाराला बळी पडलेल्याची संमती हा बचाव धरलाच जात नाही. 'तो राजीखुशीनं आला होता' हे मुकादमाचं वाक्य तिथं चालत नाही. आपल्या काही कथांत मात्र अजून चालतं.

तेव्हा लिहिणाऱ्यांना माझं सांगणं. भट्टीवर जा, पण गोलपिठ्यात पांढरपेशा गेला तसे जाऊ नका. कातकऱ्याच्या लेखी आपणही पेन खिशाला लावलेले, फ्लॅटात राहणारे साहेबच आहोत. परुळेकर बाईंना लावला तो नियम स्वतःला लावा. त्याच्या वतीनं आक्रोश करू नका. त्याला विचारा, तो सांगेल तसं लिहून घ्या. उचल किती, कधी घेतली, हजार विटांचा भाव काय, किती थापल्या, बाकी किती निघाली, पोरं कितवीत होती. ते त्याला वाचून दाखवा. तो छापा म्हणाला तर नाव-गाव झाकून पुढच्या अंकाला द्या. तो लढायला तयार असेल तर तोच कागद प्रांताकडं, जिल्हाधिकाऱ्याकडं न्या. चौकशी करून मुक्ती प्रमाणपत्र देणं हे त्यांचं काम आहे, मेहेरबानी नव्हे.

अशा कागदाला कुणी साहित्य म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. 'बलुतं'ला तरी पहिल्या दिवशी सगळ्यांनी कुठं म्हटलं होतं?

जय भीम.