‘माझा प्रवास’ आणि राणीच्या मस्तकावरील टोपी

गतवर्षी पनवेलमधील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास जाण्याचा योग आला. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी झाशीची राणी होऊन रंगमंचावर आली. कमरेला लाकडी तलवार, पाठीशी बांधलेले बाहुले आणि मस्तकावर सोनेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा मुकुट. तिची आजी आमच्या शेजारीच बसली होती. “डोक्यावरून पदर घ्यायला सांगत होते मी, पण ऐकतो कोण,” असे ती पुटपुटली. त्यावर मुलीचे वडील म्हणाले, “राणी आहे ना ती? मग मुकुट नको का?”

वाद तेवढ्यावरच संपला. परंतु ज्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर आहे त्याचा कर्ता पनवेलपासून फार दूरचा नव्हे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे पेण लागते. त्या पेण तालुक्यातील वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत ही वार्ता ऐकून, घरचे कर्ज फिटेल या आशेने हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली आपल्या चुलत्यासह उत्तरेस गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. त्याच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात राणीच्या वेषाचे जे वर्णन आहे, त्यात मुकुटही नाही आणि नुसता पदरही नाही. तेथे टोपी आहे. या टोपीचा अर्थ काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मुकुटाविषयी. आपल्याकडे मुकुट हे देवाचे लेणे आहे. पेणच्या कार्यशाळांतून दरवर्षी ज्या गणेशमूर्ती बाहेर पडतात त्यांच्या मस्तकी तो असतो, घरोघरच्या गौरींच्या मस्तकीही असतो. मर्त्य स्त्रीच्या मस्तकी तो सहसा नसतो. तिच्या वाट्याला मुकुटाच्या जवळपासचे एकच भूषण येते, आणि तेही एका दिवसापुरते. ते म्हणजे लग्नातील बाशिंग आणि मुंडावळ्या. राजपदाच्या बाबतीतही मराठ्यांनी मुकुटापेक्षा छत्राला मान दिला. ‘छत्रपती’ या बिरुदातच ते आहे. १६७४ साली रायगडावर अभिषेक झाला तेव्हा सोयराबाई महाराजांच्या डाव्या बाजूस बसल्या होत्या. त्यांच्या राज्ञीपदाची खूण होती ती त्यांच्या वस्त्राच्या पदराची महाराजांच्या वस्त्राशी मारलेली गाठ. युरोपात राणीच्या शिरावर धर्मगुरू मुकुट ठेवतो. येथे गाठ बांधली की राणीपद सिद्ध झाले. तेव्हा आजीबाईंचे म्हणणे परंपरेला धरूनच होते. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालविले. त्यांची जी प्रतिमा लोकमानसात ठसली आहे तीही पांढऱ्या पदराचीच.

पण गाठीने सिद्ध होणारे राणीपद गाठीबरोबरच सुटते, ही या व्यवस्थेतील मोठी अडचण होय. पती निवर्तल्यावर राणी कोण? अहिल्याबाईंचा प्रश्न त्यांच्या सासऱ्यांच्या विश्वासाने आणि स्वतःच्या धर्मशील वृत्तीने सुटला. लक्ष्मीबाईंचा तसा सुटला नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले.

आता गोडसे काय सांगतात ते पाहू. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बाईसाहेब कचेरीत कधी पुरुषवेषाने येत, कधी स्त्रीवेषाने. पुरुषवेष म्हणजे पायजमा, अंगात बंडी, डोक्यास टोपी व तीवर पागोट्यासारखे गुंडाळलेले वस्त्र, कमरेस दुपेटा आणि त्यास लटकवलेली मूल्यवान तलवार. स्त्रीवेष असे तेव्हा पांढरे पातळ, पांढरी चोळी, केसांचा बुचडा. वैधव्यामुळे नथ नाही, अलंकार मोजकेच. भिक्षुकाची दृष्टी वस्त्राभरणांच्या बाबतीत चोखंदळ असते, कारण दक्षिणेचा अंदाज यजमानाच्या अंगावरूनच बांधावा लागतो. हे वर्णन म्हणूनच भरवशाचे वाटते. त्यात स्तुतीचे विशेषण जवळजवळ नाही. आहे ती यादी.

या यादीतील बुचड्याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. त्या काळच्या ब्राह्मण विधवेचे केशवपन होत असे. राणीने ते केले नव्हते आणि त्याबद्दल ती नित्य प्रायश्चित्त घेत असे, हेही गोडसेच सांगतात. म्हणजे या एका मस्तकावर तीन सत्तांचा दावा होता. शास्त्र म्हणत होते, ते मुंडित असावे. कुळाचार म्हणत होता, ते पदराखाली असावे. आणि राज्य म्हणत होते, ते हुकूम देण्याजोगे दिसावे. गोडसे स्वतः शास्त्राच्या बाजूचे गृहस्थ. पण त्यांच्या लेखणीतून निषेधाचा शब्द उमटत नाही. प्रायश्चित्ताची नोंद करून ते पुढे जातात. या मौनाला आम्ही या ग्रंथाचा मोठा गुण समजतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कचेरीचे वर्णन करताना गोडसे म्हणतात की बाईसाहेब दिवाणखान्यालगतच्या खोलीत गादीवर बसत, दारावर चिकाचा पडदा असे आणि दिवाण बाहेर उभे राहून कागद पुढे करीत. पडद्यामागे बसणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यावर टोपी आहे की पदर आहे, हे बाहेरच्या अर्जदारांना दिसण्याचे कारण नव्हते. मग ही टोपी कोणासाठी? येथे दोन शंका संभवतात. पहिली, गोडसे यांना हा वेष प्रत्यक्ष दिसला की राजवाड्यातील मंडळींकडून कळला? त्यांचा वाड्याशी धर्मकृत्यांच्या निमित्ताने संबंध आला होता, त्यामुळे प्रत्यक्ष दिसला असणे अशक्य नाही. तथापि वृत्तांत पंचवीस-एक वर्षांनी लिहिला गेला आहे हेही विसरून चालणार नाही. दुसरी शंका अधिक महत्त्वाची. वेष जर दाखवण्यासाठी नसेल, तर तो धारण करण्याचे प्रयोजन काय? आमच्या मते प्रयोजन शोभेचे नव्हते, अधिकाराचे होते. पूजेस बसताना सोवळे नेसावे, मग कोणी पाहो वा न पाहो, तशी ही टोपी. न्यायनिवाड्याचे काम ज्या मस्तकाने करावयाचे ते कामाच्या वेषात असले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ.

या मताला एका परक्या साक्षीचा आधार देता येतो. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४ साली राणीच्या बोलावण्यावरून झाशीस आला होता. संभाषण पडद्याआडून चालू असता दत्तक पुत्राने पडदा बाजूला केला आणि लँगला क्षणभर राणी दिसली. त्याच्या नोंदीत ती साध्या पांढऱ्या मलमलीत आहे आणि कानातील सोन्याच्या भूषणांखेरीज अंगावर अलंकार नाहीत. म्हणजे गोडसे यांनी वर्णिलेला जवळजवळ स्त्रीवेषच. ही भेट संस्थान खालसा झाल्याच्या सुमाराची. त्या वेळी राणीच्या हाती अर्ज होते, हुकूम नव्हते. गोडसे यांनी तिला पाहिले ते मात्र जून १८५७ ते एप्रिल १८५८ या दहा महिन्यांच्या कारभारात. दोन साक्षींवरून सिद्धान्त उभारणे धाडसाचे आहे हे मान्य. तिने तालमीसाठी वा घोडेस्वारीसाठी पूर्वीही पुरुषवेष केला असेल. पण कचेरीतील टोपी ही या दहा महिन्यांची खूण आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

‘माझा प्रवास’मध्येच या टोपीची दुसरी बाजू दडलेली आहे, आणि ती टीकाकारांनी एकत्र ठेवून पाहिलेली आमच्या आढळात नाही. गोडसे गंगाधररावांविषयी एक आख्यायिका सांगतात. महाराज कधी कधी स्त्रीवेष घेत. लुगडे-चोळी नेसून, हातात बांगड्या भरून बसत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की इंग्रजांनी सगळ्याच राजांच्या हातांत बांगड्या भरल्या आहेत, मग आपण त्या उघड घातल्या तर काय बिघडले? ही हकीकत गोडसे यांच्या कानांवर आलेली आहे, डोळ्यांनी पाहिलेली नाही. गंगाधरराव जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. ती खरी की रचलेली, हे ठरवणे कठीण. परंतु वाङ्मयीन दृष्टीने ती राणीच्या टोपीशेजारी ठेवली म्हणजे दोन्हींचा अर्थ उजळतो. सत्ता गेलेला राजा बांगड्या भरतो आणि सत्ता हाती आलेली राणी टोपी घालते. बांगडीला दुबळेपणाची खूण मानण्यात स्त्रीजातीचा अधिक्षेप आहे, हे आज कोणाच्याही लक्षात येईल. गोडसे यांच्या ते लक्षात आले नसावे. मात्र आख्यायिकेतील ती खूण त्यांच्याच ग्रंथातील राणी खोटी पाडते. ती बांगड्यांचे हात आणि टोपीचे मस्तक एकाच वाड्यात आळीपाळीने वागवते आणि दोहोंनीही राज्य चालवते.

विधवा राणीच्या मस्तकाचा हा पेच आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. व्हिक्टोरिया राणीचा पती डिसेंबर १८६१ मध्ये वारला. त्यानंतर तिने वैधव्याची पांढरी टोपी आयुष्यभर सोडली नाही. या टोपीवर राज्याचा जड मुकुट बसेना; तेव्हा १८७० साली गॅरार्ड या जवाहिऱ्यांकडून ११८७ हिऱ्यांचा एक मुकुट मुद्दाम घडवून घेण्यात आला. उंची जेमतेम दहा सेंटिमीटर. तो टोपीवर अलगद टेकवून ती १८७१ साली पार्लमेंटच्या उद्‌घाटनास गेली. तसबिरींतून हिंदुस्थानातील घराघरांत पोचलेली तिची मुद्रा ती हीच. पुढे १८८७ च्या राज्यारोहण-महोत्सवात मंत्र्यांचा आग्रह मोडून तिने मुकुटाऐवजी बॉनेट घातले. जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या स्वामिनीनेही आपले वैधव्य मुकुटाखाली झाकू दिले नाही. तुलनेत भेद आहे तो असा: तिकडे वैधव्याची टोपी कायम आणि राज्यचिन्ह तिच्यावर टेकवलेले; इकडे राज्यचिन्ह हीच टोपी आणि वैधव्य तिच्याखालच्या, न कापलेल्या केसांत, रोजच्या प्रायश्चित्तासह. एकीला सवलत जवाहिऱ्याने मिळवून दिली. दुसरीला ती स्वतःच घ्यावी लागली.

ग्रंथाच्या पाठाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तो भाषेवर संस्कार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये आली. वेषवर्णनासारख्या स्थळी एकेक शब्दाला मोल असते. टोपी, पागोटे, फेटा, मंदील हे शब्द समानार्थी नव्हेत. अभ्यासकांनी अशी स्थळे दोन्ही प्रतींत ताडून पाहिल्याशिवाय लिहू नये. शाळांच्या पुस्तकांतून येणारे उतारे बहुधा कोठल्या प्रतीतले हेही सांगत नाहीत, ही हेळसांड होय.

उत्तरकालीन चित्रकारांनी व मूर्तिकारांनी राणीला फेटा बांधला, त्यावर मोत्यांच्या लडी सोडल्या, तुरा खोवला आणि तिला घोड्यावर बसवून कायमची रणांगणात ठेवली. यात गैर काही नाही, ती लढलीच. पण कचेरीतील टोपी त्यामुळे हरवली. लोकांच्या डोळ्यांपुढे तलवार उगारलेली राणी आहे, कागद वाचून निकाल देणारी नाही. सोहराब मोदींच्या १९५३ च्या चित्रपटापासून आजवरच्या पडद्यावरील राणीही मुख्यतः घोड्यावरच आहे. पनवेलच्या त्या मुलीचा पुठ्ठ्याचा मुकुट आम्हांला या फेट्यापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. दोन्ही पाहणाऱ्यांसाठी आहेत.

गोडसे यांना राणी पुन्हा एकदा भेटते ती काल्पीच्या वाटेवर. झाशी पडलेली आहे. हा ब्राह्मण विहिरीवर पाणी काढीत असता चार-पाच स्वार येतात. त्यांत ती आहे, पठाणी वेषात, अंगभर धुरळा, तहानेने व्याकुळ. तो तिच्यासाठी पोहरा सोडू लागतो तेव्हा ती त्याला थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून दोरी स्वतः हाती घेते. आपण अर्धा शेर तांदळाची धनीण, आपल्याला या उद्योगाची गरज नव्हती, असे काहीसे ती बोलते. कचेरी नाही, चिकाचा पडदा नाही, दिवाण नाही. तरी गोडसे येथे तिच्याविषयी त्याच आदराने लिहितात, ज्या आदराने त्यांनी टोपीविषयी लिहिले होते. मातीच्या भांड्यातले पाणी ती ओंजळीने प्यायली आणि घोड्यावर बसून काल्पीकडे गेली.